नळी खंय हा?

मुलगा सहा वर्षांचा असताना वर्गातल्या एका मित्राच्या आईने त्याला शनिवारी दुपारी खेळायला बोलावलं. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि हे पहिलंच बोलावणं. मी तिला फोन केला. घरात कुत्रा आहे का, मागे पोहण्याचा तलाव असला तर त्याला कुंपण आहे का, हे विचारून झालं. तिसरा प्रश्न मुलाच्या डॉक्टरीणबाईंनी पढवून ठेवला होता, पण तो काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. कुणाकडे जेवायला जायच्या आधी ‘तुमच्याकडे उंदराचं औषध कुठे ठेवता हो?’ असं विचारावं तसं वाटत होतं. शेवटी डोळे मिटून विचारलं, घरात बंदूक आहे का, आणि असली तर कुठे असते?

ती सहज म्हणाली, दोन आहेत. तिजोरीत. तिजोरी माझ्या आणि नवऱ्याच्या बोटाच्या ठशावर उघडते, गोळ्या गराजमध्ये वेगळ्या कुलपात. मग तितक्याच सहजपणे विचारलं, ‘आणि तुमच्याकडे?’

आमच्याकडे! आम्ही कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी माणसं. छे छे, म्हटलं, आम्ही त्यातले नाही. फोन ठेवला आणि भात लावता लावता लक्षात आलं की आपण खोटं बोललो. मी बंदुकीच्याच घरात वाढले.

कुडाळ तालुक्यातलं आमचं घर. आजोबांना आम्ही आजो म्हणायचो. आज्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या संरक्षणासाठी परवाना काढलेली. भातात रानडुकरं उतरायची, काजूच्या बागेत माकडं. माजघरातल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची आणि बंदुकीच्या दारूचा डबा तिच्यापासून लांब, माळ्यावर. तिला भरणं म्हणजे एक विधीच होता. नळीत मोजून दारू ओतायची, वर काथ्या कोंबायचा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. सगळ्यात शेवटी, आणि तेही शेताच्या बांधावर पोचल्यावरच, घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी. एवढं सगळं करून बार एकच. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजो ती गोणपाटात गुंडाळून घेऊन जायचा आणि पावती देव्हाऱ्यात गणपतीच्या पाटाखाली ठेवायचा.

वर्षातून एकदा आम्हा पोरांना तिला हात लावायला मिळे, खंडेनवमीला. कोयता, विळा, पहार, आजीचा अडकित्ता आणि त्यांच्या मधोमध बंदूक. तिला गंध लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं. आम्ही नमस्कार करायचो. तेवढ्यातही आजो मागून विचारायचाच, ‘नळी खंय हा?’ नळी कुठे आहे? उत्तर बोटाने दाखवायचं नाही, तोंडाने सांगायचं. भिंतीकडे हा. दाराकडे हा. ज्याला सांगता आलं नाही त्याचा हात मागे.

आता बघते तर अमेरिकेत बंदूक शिकवताना बऱ्याच ठिकाणी जे चार नियम घोकून घेतात, त्यांतला दुसरा हाच आहे. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजा. जे नष्ट करायची तुमची तयारी नाही त्याच्यावर नळी धरू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. नेमाच्या मागे काय आहे ते ओळखा. जेफ कूपर नावाच्या माजी मरीन अधिकाऱ्याने ते बांधून दिले. आज्याला कूपर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याचा नियम एकच, आणि तोही प्रश्नाच्या रूपात.

पण त्या घरात एक गोष्ट शिकवली नव्हती, आणि ती मला फार उशिरा कळली.

मी नऊ वर्षांची असेन. घरी पाहुणे आले होते, नात्यातले एक काका. आजो बाहेर गेला होता. काकांनी बंदूक खुंटीवरून काढली, चुलतभावाला दाखवायला. ‘रिकामीच हा रे,’ म्हणाले. मी उंबऱ्यावर बसून मटार सोलत होते. नळी आधी भावाच्या गुडघ्यावरून फिरली, मग माझ्या डोक्यावरून, मग वर गेली. मला ते दिसत होतं. नळी खंय हा, हे मला त्या क्षणी नेमकं सांगता आलं असतं. पण पाहुणे मोठे, मी पोर, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नसतं. आदल्या रात्रीचा बार उडालाच नव्हता, आणि तो काढून टाकायचा राहिला होता. काका घोड्याशी खेळत होते. वरची चार कौलं फुटली. कौलांची खापरं आणि धूर माझ्या मटारात आला. कुणाला काही झालं नाही. आजीने दृष्ट काढली, काकांना चहा दिला. संध्याकाळी आजो आला, सगळं ऐकून घेतलं, बंदूक उतरवली आणि त्या रात्री ती त्याच्या अंथरुणाशेजारी होती. आरडाओरडा नाही. मला फक्त एवढंच विचारलं, ‘तुका दिसला नाय?’ मी म्हटलं, दिसलं. तो काहीच बोलला नाही.

हे सगळं मी नवऱ्याला लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं, तेही तो मुलाला रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, न्यायचं म्हणाला तेव्हा. तो पुण्याचा, सदाशिव पेठेतला, पण टेक्सासने त्याला माझ्याआधी आपलंसं केलं. त्याचं म्हणणं साधं होतं. इथे बंदुका आहेत, त्या जाणार नाहीत, तेव्हा पोराला आठव्या वर्षीच नीट शिकवू, म्हणजे आकर्षण राहणार नाही. इथे बरेच लोक असंच मानतात, आणि त्यांना काही मूर्ख म्हणता येत नाही. शिकारीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र टेक्सासमध्ये नवव्या वर्षापासून मिळतं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही इथे शिकार करायची तर ते शिक्षण घ्यावंच लागतं. दर १ सप्टेंबरला पारव्यांचा हंगाम सुरू होतो तेव्हा आजोबा-नातवंडांच्या जोड्या शेताच्या कडेला बसलेल्या दिसतात. आम्ही जातो त्या देवळाच्या दारावर, घंटेच्या शेजारी, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये जाडजूड अक्षरांची पाटी आहे: टेक्सासच्या दंडसंहितेच्या कलम ३०.०६ प्रमाणे आत लपवलेलं पिस्तूल आणू नये. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं ‘चपला बाहेर काढाव्यात’चं हे भाषांतर असेल.

मी नाही म्हटलं. का, ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून वाचत बसले.

वाचलेलं बरंचसं विसरले, पण २००१ सालचा अटलांटामधला एक प्रयोग डोक्यातून जात नाही. आठ ते बारा वर्षांचे ६४ मुलगे, दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत खेळायला सोडले. खणांमध्ये दोन पाण्याच्या पिचकाऱ्या आणि एक खरं पिस्तूल, अर्थात निकामी केलेलं. चाप पुरेसा दाबला की पलीकडे काचेआड दिवा लागेल अशी सोय. ४८ मुलांना पिस्तूल सापडलं. ३० जणांनी ते हाताळलं. १६ जणांनी चाप ओढला. आणि ज्यांनी हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांनी सांगितलं की आम्हाला बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी शिकवलेलं आहे. म्हणजे त्यांना पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

मग शिकवणं फुकटच का? तसंही नाही. ओहायोमध्ये अलीकडे असाच एक प्रयोग झाला, २०२३ मध्ये छापून आला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना मिनिटभराची चित्रफीत दाखवली, काहींना बंदुकीबद्दलची, काहींना मोटारीत बसण्याबद्दलची. आठवड्याने बंदूक सापडेल अशी व्यवस्था केली. बंदुकीची फीत पाहिलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याने जाऊन मोठ्या माणसाला सांगितलं, दुसऱ्या गटात दहातल्या एकाने. फरक पडला, मोठा पडला. पण फीत पाहूनही दहातल्या चौघांनी बंदुकीला हात लावलाच.

चित्र मला असं दिसू लागलं. लहान मुलाला शिकवायचं ते बंदूक नव्हेच, बंदूक दिसली तर काय करायचं ते. इथल्या बऱ्याच बालवाड्या-शाळांत १९८८ पासून एडी ईगल नावाच्या कार्टून गरुडाच्या तोंडी ते घालून शिकवतात: थांब, हात लावू नकोस, तिथून निघ, मोठ्यांना सांग. हे चौथ्या वर्षी शिकवावं आणि त्यावर विसंबून मात्र राहू नये. कारण बोटांत बळ अकलेच्या आधी येतं. १९९५ मध्ये मुलांची बोटं मोजून पाहिली होती: तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी पाव हिश्श्याला दोन्ही तर्जन्यांनी मिळून दहा पौंडांचा चाप ओढता आला, सात-आठच्या वयात दहापैकी नऊ जणांना. आज्याच्या बंदुकीपाशी पोराला पोचायला माळ्यावरचा डबा, काथ्या, गज, टोपी असे चार पहारेकरी ओलांडावे लागायचे. इथे उशाच्या खणातल्या पिस्तुलाला एकही नाही. इथला कायदाही गंमत म्हणजे मुलाला दोष देत नाही. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ती बेफिकिरीने ठेवली तर गुन्हा ठेवणाऱ्याचा.

आणि कुलूप काही फक्त चार वर्षांच्या पोरासाठी नसतं. २०२० पासून एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत या देशात बंदूक मोटारीच्याही वर गेली आहे. त्यात खेळताना गोळी सुटलेली मुलं थोडी. खून जास्त, आणि मग आत्महत्या. म्हणून ‘आता पोरगा मोठा झाला, समजतं त्याला, तिजोरीचा आकडा सांगून टाकू’ असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पंधराव्या वर्षी त्याला सगळं समजतं, ही अडचण कमी होत नाही, वाढते.

नवऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, बरं, रेंज नको, पण स्काउटच्या शिबिरात छर्ऱ्याची बंदूक देतात, तिथे जाऊ दे. मी हो म्हटलं. तिथे मुलगा आठव्या वर्षी पोटावर झोपून कागदाच्या चकतीवर पितळी रंगाचे छर्रे मारून आला, आणि घरी येऊन त्याने चकती दाखवायच्या आधी मला एक वेगळीच गोष्ट सांगितली. रेंजवर ‘सीझ फायर’ कोण म्हणू शकतं माहितेय? कोणीही! शिकवणारे सर म्हणतातच, पण मीसुद्धा म्हणू शकतो. मी म्हटलं की सगळ्यांना थांबावंच लागतं. सरांनासुद्धा. त्याचे डोळे चमकत होते. आठ वर्षांच्या पोराला जगातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एका शब्दात थांबवायचा अधिकार कुणी तरी दिला होता.

तरीही तो तयार नव्हता, हे दोन महिन्यांनी कळलं. आमच्या मराठी गोतावळ्यात एक काका आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिल्या वर्षी घर, दुसऱ्या वर्षी विजेची गाडी, तिसऱ्या वर्षी पिस्तूल. (एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूक बाळगणं एरवी बेकायदा, पण शिकारीचा वैध परवाना असला तर चालतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कोथरूडचा एखादा माणूस या एका कलमासाठी शिकारीचा परवाना काढत असेल, हे चित्र मला अजून पचलेलं नाही.) त्यांच्याकडे गणपतीची आरती झाली, मोदक झाले, आणि काकांनी पुरुषमंडळींना वरच्या खोलीत नेलं. मुलगा बाबाचं बोट धरून मागे. काकांनी खणातून पिस्तूल काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. ‘घ्या हो, रिकामंच आहे.’

मी तिथे नव्हते. हे मला परतताना गाडीत मागच्या सीटवरून कळलं. बराच वेळ गप्प बसून मुलगा म्हणाला, ‘काकांची नळी बाबाच्या पोटाकडे होती.’

मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस?

‘ते मोठे आहेत ना. आणि आपण त्यांच्याकडे गेलो होतो.’

मला मटार आठवले.

त्या रात्री आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून खूप वेळ बोललो, आणि पहिल्यांदाच एकमेकांचं पटलं. आपण वय मोजत होतो. आठ की दहा की बारा. कुणी म्हणतं सांगितलेलं एका फटक्यात ऐकायला लागला की शिकवा, कुणी म्हणतं राग आवरता आला की. ते सगळं ठीक. पण आपल्या घरांत जो मुलगा ‘गुणी’ ठरतो, वाकून नमस्कार करतो, मोठ्यांच्या मध्ये बोलत नाही, तो बंदुकीजवळ सगळ्यात धोक्यात असतो. त्याला नियम येतात, ते मोडणाऱ्याला अडवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलांना हे आपोआप जमतं असंही नाही. तिथेही बापाला ‘थांब’ म्हणणं अवघडच. पण आपण तर लाज वाटेपर्यंत शिकवलंय की म्हणू नये.

म्हणून घरात एक नियम केला. ‘थांब’ हा शब्द कुणीही कुणालाही म्हणेल. का, ते नंतर सांगेल. ज्याला म्हटलं त्याने आधी थांबायचं, मग विचारायचं. बंदूक नव्हतीच घरात, तेव्हा सराव कढईवर, गाडीवर, शिडीवर. गाडी मागे घेताना मुलगा ‘थांब’ ओरडला तर ब्रेक, मग कळायचं की त्याची बाटली विसरली होती. पहिले सहा महिने वैताग आला. मुलांनी गैरफायदाही घेतला. धाकटीने पालेभाजी वाढताना ‘थांब’ म्हणून बघितलं. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा फिरत्या खुर्चीवर चढून वरच्या फडताळातला डबा काढत होत्या. धाकटी म्हणाली, आजी थांब. सासूबाई थांबल्या, उतरल्या आणि दोन दिवस नातीशी बोलल्या नाहीत. ‘आम्हाला कुणी थांबवलं नव्हतं हो कधी.’ त्यांचंही खरंच होतं, त्यांना खरोखरच कुणी थांबवलं नव्हतं, त्यांनीही कुणाला नाही.

कोल्हापूरच्या आत्येला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, तुमचं काहीतरीच, इकडे तर शाळेतली पोरं एअर रायफल घेऊन सरावाला जातात. तेही खरं. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आम्हीही इथे पहाटे उठून टाळ्या वाजवल्या. पण ती बंदूक रेंजवर असते, तिच्याभोवती शिकवणारे असतात आणि तिला दुसरं काही काम नसतं. मला भीती रेंजची नाही. मोदकांनंतरच्या वरच्या खोलीची आहे.

मुलगा अकरा वर्षांचा झाला तेव्हा पहिल्या मित्राच्या त्या आईनेच आम्हाला रँचवर बोलावलं. बोटाच्या ठशाची तिजोरीवाली. आता आम्ही पाच वर्षांचे शेजारी. तिच्या वडिलांकडे पॉइंट टू-टूची, म्हणजे बारक्या गोळीची, एकबारी रायफल होती. एक गोळी घालायची, एक मारायची, पुन्हा खटका उघडायचा. आज्याच्या बंदुकीची अमेरिकन नात म्हणा. म्हाताऱ्याने मुलाला सांगण्याऐवजी आधी विचारलं, ‘तू मला नियम सांग.’ मुलाने चारही सांगितले आणि पाचवा आपला घातला, कुणीही थांबवू शकतं. म्हातारा म्हणाला, मलासुद्धा? मुलगा म्हणाला, तुम्हालाच जास्त. मला वाटलं झालं आता. म्हातारा पोट धरून हसला.

मुलाने दहा गोळ्या मारल्या, तीन डबे पाडले. मग नवऱ्याची पाळी. त्याने दोन मारल्या, तिसरीला डबा उडाला आणि तो आनंदाने माझ्याकडे वळला, रायफलसकट. मुलगा म्हणाला, ‘बाबा, थांब. नळी.’ हळू म्हणाला, पण म्हणाला.

आणि नवरा, ज्याने ओट्यापाशी उभं राहून हा नियम माझ्याबरोबर केला होता, तो काय म्हणाला? ‘अरे, रिकामीच आहे!’

म्हणाला आणि जीभ चावली. रायफल खाली मातीकडे गेली. म्हाताऱ्याने काही न बोलता ती त्याच्या हातातून घेतली, खटका उघडला, आत बोट घालून पाहिलं, आणि त्या दिवशी पुन्हा त्याला दिली नाही. परत येताना गाडीत शांतता होती. नवरा फक्त एकदा म्हणाला, ‘पोरगा तयार आहे. माझं बघावं लागेल.’

यंदा खंडेनवमीला आम्ही लॅपटॉप, पेचकस, मुलाचा स्काउटचा चाकू आणि माझी विळी मांडली. विळीवर फूल ठेवताना धाकटीला विचारलं, धार कुठे आहे? म्हणाली, भिंतीकडे.

परवा तिला वर्गातल्या एका मैत्रिणीकडे वाढदिवसाला जायचं होतं. मी घाईत, भेटवस्तू गुंडाळायची राहिलेली, पावसाची चिन्हं. दारात ती बुटाचे बंद बांधत बसली होती, मी किल्ल्या शोधत होते.

‘आई, थांब.’

आता काय राहिलं, मी वैतागून म्हटलं.

‘विचारलंस का त्यांना?’

नव्हतं विचारलं. मैत्रिणीची आई फार सभ्य, नवीनच ओळख, घर कसं सुंदर ठेवलेलं. मी किल्ल्या खाली ठेवल्या आणि पर्समधून फोन काढला. ती एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून, माझ्याकडे बघत बसून राहिली.